चुकलेला रकाना

"अज्ञात लिहा आणि मोकळ्या व्हा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "आजोबांचं नाव माहीत नसलं की सगळे तेच लिहितात."

बाबांच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज तिच्या हातात होता. मुदतीचा आज शेवटचा दिवस. दोन रकाने सोडले तर सगळं तिने घरूनच टाइप करून आणलं होतं. 'मृताच्या पित्याचे नाव' आणि अगदी तळाचा, 'माहिती देणाऱ्याचे नाव'.

"मी जरा दप्तरखान्यात जाऊन येऊ?"

"भाऊसाहेबांची मुलगी तुम्ही, तुम्हाला कोण अडवणार? पण पाचला खिडकी बंद होते हं."

भाऊसाहेबांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, याच कार्यालयात चौतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिल्या. कोणकोणाला आजे-पणजे शोधून दिले. घरी मात्र स्वतःच्या वडिलांचा विषय निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "आहेत की. दप्तरात आहेत." आई चिडायची. "पोर विचारतेय, थट्टा कसली करता?" बाबा हसून ताटात बघायचे. ते बालगृहात वाढले होते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेवढ्यावरच सगळ्यांनी विषय मिटवला होता. आता त्यांच्या शेवटच्या कागदावर 'अज्ञात' लिहायला तिचा हात धजत नव्हता.

दप्तरखाना सांभाळणारा दप्तरी बाबांच्या बरोबरीचा. तिला बघून तो उठला, पण काय हवंय ते विचारलं नाही. सरळ शिडीवर चढला आणि कापडी पाठीची एक जाड वही घेऊन खाली आला.

"कुठलं साल ते तरी विचारा, काका."

"विचारायचं काय त्यात? बघ आता."

त्याने वही टेबलावर ठेवून हात काढून घेतला. वही आपली आपण उघडली. मध्यावरही नाही, शेवटाकडच्या एका पानावर.

"वारा नाही, काही नाही," दप्तरी म्हणाला. "मी किती वेळा मिटून ठेवली. उघडायची ती इथंच."

ती खाली वाकली आणि तशीच राहिली. सगळं पान बाबांच्या अक्षरात होतं. ओळीच्या खाली उतरून डावीकडे वळलेला तोच त, मासे धरायच्या गळासारखा.

"हे बाबांनी नंतर उतरवून काढलंय का?"

"छे गं. मूळ वही आहे. तारीख बघ ना."

तारीख बाबांच्या जन्माची होती. तिने मागची पानं उलटली. कुणा एका कारकुनाने ही वही अकरा वर्षं लिहिली होती. कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं बाबांच्या हातचं, बाबा जन्मायच्या आधीचं.

"आम्ही चिडवायचो त्यांना," दप्तरी सांगत होता. "म्हणायचो, भाऊसाहेब, ही जुनी वही बघून अक्षर उचललंत तुम्ही."

"त्यांची तिसरीतली वही परवा ट्रंकेत सापडली, काका. तिच्यातला त असाच आहे. शाळेतल्या बाईंनी प्रत्येक त भोवती लाल गोल केलाय."

दप्तरीने चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

बाबांची नोंद पानाच्या तळाशी होती. सापडलेले मूल, मुलगा. ठिकाण, कार्यालयाची पायरी. आईच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. पित्याचे नाव: स्वतः. माहिती देणाऱ्याचे नाव: अज्ञात.

तिने ते दोनदा वाचलं.

"रकाना चुकला बिचाऱ्याचा," दप्तरी हळूच म्हणाला. "मूल त्याला स्वतःला सापडलं, म्हणून 'स्वतः' हे माहिती देणाऱ्यापुढे हवं होतं. आणि बापापुढे 'अज्ञात'. दाखला देताना तेव्हाच्या साहेबांनी तसं सुधारून दिलं."

"अकरा वर्षांत कुठे खाडाखोड नाही. आणि हे एवढंच चुकलं?"

"भाऊसाहेब पण हेच म्हणायचे. 'चुकला नाही रे तो. त्याला लिहायचं तेच त्याने लिहिलं.' दर वर्षी या तारखेला डबा घेऊन इथं बसायचे. दोघं जेवायचे."

"दोघं?"

"ते आणि वही," दप्तरी म्हणाला, पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या पानावरची नोंद दुसऱ्या दिवसाची होती, ठसठशीत, तिरप्या, परक्या अक्षरात. गळाचा त त्यानंतर कुठेच नव्हता.

"हा गेला कुठे?"

"कुणास ठाऊक. नोकरवर्गाची यादी वाळवीने खाल्ली. मृत्यूच्या सगळ्या वह्या पालथ्या घातल्या भाऊसाहेबांनी. पण नावच माहीत नाही, तर शोधणार काय?"

'स्वतः' या शब्दावर कागद गुळगुळीत झाला होता. तिने त्यावर बोट ठेवलं. खिडकीतलं ऊन तिथवर पोचत नव्हतं, तरी कागद कोमट लागला, नुकताच कुणी हात उचलून घेतल्यासारखा.

पाचला दहा कमी असताना ती खिडकीशी परतली. हाताने काही लिहून तिला कित्येक वर्षं झाली होती. सगळं काम कळफलकावर. तिने बाईंकडून पेन मागून घेतलं आणि पित्याच्या नावापुढे सावकाश लिहिलं, 'नोंदणी कारकून, याच कार्यालयात'.

बाईंनी अर्ज ओढून घेतला. "अहो, हे नाव नाही, हुद्दा झाला."

"तेवढंच माहीत आहे. अज्ञात मात्र नाहीत ते."

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांची नजर कागदावर अडकली. आवाज उतरला.

"हे भाऊसाहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं का?"

"नाही. मी आत्ता लिहिलं, तुमच्यासमोर."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे. शेवटी शिक्का उचलला आणि हातातच धरून ठेवला.

"एक रकाना राहिलाय. माहिती देणारं कोण?"

तिने अर्ज आपल्याकडे वळवला. शाळेत पट्ट्या खाऊन सरळ केलेला तिचा त ओळीखाली उतरला, डावीकडे वळला आणि थांबला. मग तिने विसर्गाचे दोन ठिपके दिले.