सरांना मराठी येत नाही

पिरंगुटच्या बाजारात, औषधाच्या दुकानाच्या वर, बंडोपंतांनी इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास काढला, तेव्हा त्यांनी बाहेर जो फलक लावला तो वाचायला रिक्षावालेसुद्धा थांबायचे. लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमच्या सरांना मराठीचा एकही शब्द येत नाही!’ आता बघा, जगात माणूस आपल्याला काय येतं ते सांगून धंदा करतो. बंडोपंतांनी काय येत नाही ते सांगून केला, आणि चालला की हो! महिन्याभरात बाक कमी पडले.

त्या बाकांवर दुसऱ्या रांगेत गौतमी बसायची. चांदे गावची, भाड्याच्या खोल्या बांधलेल्या शेतकरी घरातली सून आणि ग्रामपंचायतीची सदस्य. स्वभाव असा, की एखादी गोष्ट कळली नाही तर तिला घास गोड लागायचा नाही. शेजारच्या घरातल्या कुकरची नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त झाली, तरी ही भिंतीपलीकडून विचारणार, “कोण आलंय गं?”

तर ही बाई इंग्रजी शिकायला का आली? गावाच्या वरच्या अंगाला मोठी सोसायटी झाली होती. तिथलं सांडपाणी ओढ्यात उतरायचं आणि ओढा गावच्या विहिरीपाशी. त्यावरच्या बैठकीला सरपंच आजारी म्हणून गौतमीला धाडलं. गारेगार हॉल, मऊ खुर्च्या आणि सगळं बोलणं इंग्रजीत. तासभर ती मान हलवत बसली. घरी आल्यावर सासूनं विचारलं, “काय म्हनली गं मानसं?” गौतमी म्हणाली, “चहा चांगला व्हता.” एवढं बोलली आणि तिला रडूच फुटलं. गावानं विश्वासानं पाठवलं आणि आपण चहा पिऊन आलो, ही लाज तिच्या मनातून जाईना. पुढची बैठक फेब्रुवारीत होती. तिथं आपण स्वतः बोलायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

क्लासला शिकवायला निषाद सर. “डेहराडूनचे आहेत,” बंडोपंत छाती फुगवून सांगायचे. “विद्यार्थ्याला पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही. म्हणून मुद्दाम मराठी न येणारा माणूस आणलाय.”

गौतमीच्या शेजारी सारजाबाई बसायच्या. लेकानं केरळची मुलगी केली म्हणून सुनेशी चार शब्द बोलायला शिकत होत्या. त्या पुटपुटल्या, “ढकला की बापडे. पन बुडताना ‘वाचवा’ म्हनलं, तर काठावरच्याला कळाय नको का?”

आणि नेमकं तसंच झालं. एके दिवशी सरांनी प्रत्येकाला आपापली अडचण इंग्रजीत सांगायला लावली. गौतमी उठली. शब्द सुचेना, म्हणून तिनं डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, नाक दाबलं, हातानं पाणी दाखवलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘डर्टी वॉटर प्रॉब्लेम’. ती चिडून खाली बसली आणि सारजाबाईंच्या कानाशी लागली, “ह्यो काय डर्टी वॉटर घिऊन बसलाय! म्हशी पान्याला तोंड लावत न्हाईत, काठावरनं माघारी फिरत्यात, हे सांगायचंय मला. ह्याला म्हस तरी ठावी हाय का?”

सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी शांतपणे आधीची ओळ पुसली आणि लिहिलं, ‘द बफेलोज टर्न बॅक.’

आँ? गौतमीनं शिंगं केली होती, नाक दाबलं होतं, पण माघारी फिरणं कुठं करून दाखवलं होतं? मग ह्या बाबाला कळलं कसं?

झालं! आता ओढा राहिला बाजूला आणि बाईच्या डोक्यात सर शिरले. स्कुटीवरून लवळ्याच्या रस्त्यानं घरी जाताना तोच विचार, भाकरी थापतानाही तोच. माणसाला भाषा येत नसेल तर ते लपत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण येत असेल तर ते लपवता येतं का? आणि लपवावं तरी कशाला? दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात मुद्दाम खणखणीत आवाजात सारजाबाईंना सांगितलं, “सरांच्या खुर्चीखाली इंचू हाय वो, लई मोठा.” सरांनी मान वळवली नाही, चेहरा हलला नाही. चांगलेच तयारीचे गडी. पाय मात्र अलगद उचलून खुर्चीच्या दांडीवर गेले. गौतमीनं तोंडावर ओढणी धरून हसू दाबलं. तरी मनाला वाटलं, पायाला रग लागली असेल. उगीच कुणावर आळ कशाला घ्या?

संक्रांतीला मात्र सर पुरते सापडले. सारजाबाईंनी डब्यातून तिळगूळ आणला होता. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर ठेवला. सरांच्याही ठेवला आणि सवयीनं म्हणाल्या, “तिळगूळ घ्या, गोड बोला.” सरांनी तिळगूळ घेतला, तोंडात टाकला आणि वाकून सारजाबाईंच्या पाया पडले. अगदी लहानपणापासून पडत आल्यासारखे. सारजाबाईंनीही “औक्षवंत व्हा” म्हणून टाकलं. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. अहो, सणाला तिळगूळ घेतल्यावर वडीलधाऱ्यांपुढं वाकायचं, हे आपल्या हाडात असतं. तिथं विचार पोचायच्या आधी कंबर वाकते.

क्लास सुटल्यावर गौतमीनं त्यांना पौड रस्त्यावरच्या बसथांब्यावर गाठलं.

“सर, गाव कुठलं तुमचं?”

“सॉरी?” सर म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या आता. तिळगूळ खाऊन पाया पडनारा डेहराडूनचा मानूस मी पयल्यांदाच बघितला.”

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, “ताई, हळू बोला. लोकं ऐकायलेत.”

गौतमीनं टाळीच वाजवली. “म्हंजे मराठवाड्याचे व्हय!”

“जिंतूरकडचा.” महिनाभर डोक्यावर असलेलं ओझं उतरावं, तसा सरांनी सुस्कारा सोडला. “दोन वर्षं फिरलो ताई नोकरीसाठी. बंडोपंत म्हणाले, इंग्रजी चांगलं आहे तुमचं, पण मराठी आलेली चालणार नाही. मी म्हटलं, येत नाही, डेहराडूनचा आहे. एवढं खोटं बोललो. आता खोलीवर आईचा फोन आला तरी गॅलरीचं दार लावून बोलायलोय. कळलं तर त्यांचा फलक खोटा पडतो आणि माझी नोकरी जाते.”

गौतमीला त्यांची दया आली आणि रागही आला. “आन् आमचं काय वो? मी तितं शिंगं करून नाचतीया, आन् तुमाला समदं कळतंय!”

“पण नाचलात म्हणून तो शब्द विसरणार नाही तुम्ही,” सर म्हणाले. “मी लगेच मराठीत सांगायला लागलो, तर तुम्ही माझ्याशी मराठीतच बोलत बसाल. वर्गात मला मराठीत बोलायची बंदी आहे, म्हणून तुम्ही इंग्रजीत बोलता. यात बंडोपंतांचं काही खोटं नाही.”

ती विचारात पडली. बोलणं खरं होतं. मराठी येणाऱ्या बाईंकडे शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकून तिच्या तोंडातून एक वाक्य निघालं नव्हतं, आणि इथं महिन्यात चार निघाली. पण म्हशी माघारी फिरतात हे याला आतून कळलं नसतं, तर ते चौथं वाक्य कुठून आलं असतं?

“मग असं करू,” ती म्हणाली. “तुमी बोलू नगा. निस्तं ऐका. मी काय ते सारजाबाईस्नी सांगत जाईन.”

आणि गंमत सुरू झाली. गौतमी सारजाबाईंना मोठ्यानं सांगायची, “पयलं आमी त्या ओढ्याचं पानी वंजळीनं प्यायचो.” सर जरा वेळानं, आपल्याच नादात असल्यासारखे, फळ्यावर लिहायचे तेच इंग्रजीत. मग ती उठून ते बोलायची, अडखळायची, पुन्हा बोलायची. चार दिवसांनी सारजाबाई म्हणाल्या, “गौतमे, सुनंला ‘तू जेवलीस का’ कसं इचारायचं, ते बी सांग की मला मोठ्यानं.” गौतमी दचकली. “मला काय खुळी समजतीस?” सारजाबाई डोळे मिचकावत म्हणाल्या. “पाया पडला तवाच वळाखलं. समद्यांनी वळाखलंय. कुनी बोलत न्हाई, कारन शिकवतो चांगला.”

बैठकीचा दिवस आला. बंडोपंतांना कुठूनतरी कळलं होतं, त्यांना राहवतंय होय? विद्यार्थिनी भरल्या सभेत इंग्रजी बोलणार, म्हणजे जाहिरातच. सरांना घेऊन ते हॉलच्या मागच्या रांगेत बसले आणि फोन उभा धरून चित्रण सुरू केलं.

सोसायटीच्या अध्यक्षा जान्हवी मॅडम यांनी तिचं नाव पुकारलं. गौतमी उभी राहिली. तिनं माइक हातात घेतला आणि तोंड उघडलं. ओढा स्वच्छ होता. आम्ही त्याचं पाणी प्यायचो. आता आमच्या म्हशी काठावरून माघारी फिरतात. सगळं इंग्रजीत, हळूहळू, एकही शब्द न गाळता. टाळ्या पडल्या. बंडोपंत तर अर्धे उठून उभे राहिले. गौतमीला वाटलं, जिंकलं बाई.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठला आणि भराभरा इंग्रजीत काहीतरी विचारू लागला. त्यातला एक ‘प्रूफ’ तेवढा तिला कळला. जान्हवी मॅडमनी तेच सावकाश सांगितलं, तरी गौतमीची गाडी पुढे सरकेना. पुरावा? अहो, तिच्याकडे काय पुरावा नव्हता! कुठल्या पाइपातून, कुठल्या वेळी, कुठल्या रंगाचं पाणी येतं, ते ती झोपेत सांगेल. पण मराठीत. पाठ केलेलं संपलं होतं. तिला पुन्हा त्या चहाची आठवण झाली.

तिनं मागं सरांकडे पाहिलं. सरांचं तोंड उघडलं. मग त्यांची नजर बंडोपंतांच्या फोनवर गेली आणि तोंड मिटलं.

गौतमीला त्यांचा राग नाही आला. ती नुसती त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली आणि वैतागून स्वतःशीच म्हणाली, “पुरावा पायजे, तर एक दिस त्याच पान्यानं आंगूळ करा म्हनावं.”

हातातला माइक चालूच होता. तिसऱ्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. एका बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. जान्हवी मॅडमच्याही ओठांचा कोपरा हलला आणि त्यांनी पटकन ग्लास तोंडाला लावला.

अस्सं! गौतमीला एकदम लखलखीत कळलं. इथं काय एकच सर आहेत होय? सगळा हॉल भरलाय सरांनी! कोल्हापूरचे, नागपूरचे, सोलापूरचे. मागच्या खेपेला तासभर ही माणसं समोर बसली होती आणि आपण मान हलवत चहा पीत होतो.

तिनं माइक तोंडाजवळ घेतला. हे वाक्य फळ्यावर कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

“हू अंडरस्टँड्स मराठी हिअर?” ती म्हणाली. “प्लीज, हँड अप.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग तिसऱ्या रांगेतल्या त्या बाईनं हात वर केला. तिच्या मागच्या दोघांनी केला. कडेला बसलेल्या एका तेलुगू आजींनी “थोडा थोडा” म्हणत केला. आणि बघता बघता निम्मा हॉल. जान्हवी मॅडमनी ग्लास खाली ठेवला. जरा ओशाळल्या आणि त्यांनीही हात वर केला.

गौतमी मनातल्या मनात मोजत मागच्या रांगेपर्यंत आली आणि मोजायचंच विसरली. बंडोपंतांच्या शेजारी, त्यांच्या चालू फोनच्या अगदी पुढ्यात, निषाद सरांचा हात वर होता.

“अरे सर, वो मराठी पूछ रही है, मराठी!” बंडोपंत कुजबुजले.

“हो, समजलं मला,” सर उठून उभे राहत मोठ्यानं म्हणाले. “ताई, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. ज्यांना कळत नाही, त्यांना मी इंग्रजीत सांगतो.”

सगळा हॉल मागं वळून बघत होता. बंडोपंतांचं तोंड उघडं ते उघडंच. गौतमीला भरून आलं, पण आता रडून चालणार नव्हतं. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि वरच्या पहिल्या पाइपापासून बोलायला सुरुवात केली.