तेरावी जाळी

तिने तेरावी जाळी तिसऱ्यांदा पुसली आणि ती तिसऱ्यांदा परत आली.

हवामान कार्यालयात वाऱ्याचं खातं तिच्याकडे होतं. साऱ्या शहराचे शंभर-शंभर पावलांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वाऱ्याच्या वेगाचा आकडा भरायचा; याला ऑफिसात जाळी म्हणत. जाळीसोबत एक चिठ्ठी असते, मेटाडेटा म्हणतात तो हाच: तारीख, वेळ, कुठून आली. गंमत अशी, की दोन जाळ्यांवर गणित करून तिसरी काढली की आकडे बिनचूक उतरतात आणि चिठ्ठी तेवढी गळून पडते. मग आईबापांची चिठ्ठी पाहून ती लेकराला डकवायची. तिची निम्मी नोकरी या डकवण्यात गेली होती.

आज बारा तासांच्या बारा जाळ्या काढायला सांगितल्या, तर निघाल्या तेरा. बारा जणींचे आईबाप सापडले. तेरावीला कोणी नव्हतं. तिच्या सगळ्या चौकोनांत शून्य होतं आणि फक्त एकात एकशे चाळीस.

"चिठ्ठी कोरी दिसतेय," साहेब मागून म्हणाले. साहेबांना वादळाचं भय नव्हतं, रिकाम्या रकान्याचं होतं.

"ही कधीची आहे तेच कळत नाही, साहेब."

"मग आजची टाका. आजची तारीख कोणालाही शोभते."

तिने टाकली नाही. ज्यांच्या हाताखाली ती शिकली, ते म्हातारे काका सांगायचे, अनोळखी जाळीला आधी आपल्या गच्चीवर उभं करावं. म्हणजे जाळीत आपल्या ऑफिसचा चौकोन बघायचा आणि गच्चीवरच्या यंत्राने तसा वारा कधी नोंदला होता ते शोधायचं. तिने अकरा वर्षांच्या नोंदी चाळल्या. त्या गच्चीवर शून्य एकदाही नव्हतं; म्हणजे या जाळीची वेळ अजून यायची होती. तिथे वाळत घातलेला साहेबांचा रुमाल तर दर आठवड्याला परागंदा व्हायचा.

मग तिने तो एकशे चाळीसचा चौकोन मोजून काढला. वरून तेविसावी ओळ, डावीकडून सातवा. बोटीचा धक्का.

तिचा नवरा फेरीबोट चालवायचा. पुढची फेरी दोनची होती. घड्याळात पावणेदोन झाले होते. गच्चीवरच्या यंत्राचा आकडा नऊवरून सहावर आला, सहावरून चारवर. तिने फोन लावला.

"कुठे आहेस?"

"बोटीवर. फेरीच्या वेळी बोटवाला बोटीवरच असतो. काय विसरलीस?"

"दोनची फेरी सोडू नकोस."

"का? वादळ येतंय?"

"वारा पडतोय."

तो हसला. "वारा पडला म्हणून बोट थांबवली, असं सांगू? चाळीस माणसं आहेत."

"त्यांना उतरव. तूही उतर. सांग, बायकोने डोकं खाल्लं."

"ते सगळ्यांना पटेल," तो म्हणाला. पण ती हटेना. "बरं. इंजिन तापलंय म्हणतो. अर्धा तास, त्यावर एक मिनिट नाही."

दोन वाजता आकडा शून्यावर आला. गच्चीवरचा रुमाल भिंतीवर रंगवल्यासारखा सरळ लटकला होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी नवऱ्याचाच फोन आला. बोट धक्क्यावर पालथी पडली होती. चाळीस माणसं रस्त्यापलीकडे, तिकीट खिडकीपाशी, इंजिनाच्या नावाने खडे फोडत उभी होती. त्यांच्यापैकी कोणाचा केससुद्धा हलला नव्हता.

"आज काही बोट निघत नाही," तो म्हणाला. "जरा घरी जाऊन पडतो."

साहेब खूश झाले. "लागला ना पत्ता? टाका तारीख."

तिने टाकली. आजची, दोन दहा. चिठ्ठी मुकाट्याने चिकटली. तीनच्या सुमारास साहेब चहाला गेले.

यादीत खाली आणखी एक ओळ उमटली. तिने काहीही काढायला सांगितलं नव्हतं. चौदावी जाळी, चिठ्ठी कोरी. सगळीकडे शून्य, एका चौकोनात आकडा.

तिने काचेवर बोट ठेवलं आणि ओळी मोजू लागली. बाजार, पाण्याची टाकी, शाळा. शाळेपाशी बोट आपसूकच उजवीकडे वळलं. पुढचं मोजायची गरज नव्हती. त्या वाटेने ती रोज घरी जायची.

गच्चीवरच्या यंत्राचा आकडा मधल्या वेळात पुन्हा नऊवर गेला होता. आता यंत्र पाच दाखवत होतं. मग तीन.

फोन बराच वेळ वाजला.

"कुठे आहेस?"

"घरी. आत्ताच आडवा झालो." त्याचा आवाज झोपाळलेला होता. "किती शांत वाटतंय गं इथे. पडदासुद्धा हलत नाही."