मंगळवारची फटाकडी

मोजणीदाराचं काम ऐकण्याचं होतं. दलदलीतले पक्षी सहसा दिसत नाहीत, पाणकणसाच्या उंच पात्यांत बुडून जातात. तेव्हा कान टवकारायचे आणि ऐकू येईल ते वहीत लिहायचं. दर मंगळवारी उजाडता उजाडता तो पाण्याकाठी स्टूल मांडायचा आणि छोट्या भोंग्यावर फटाकडीचा रेकॉर्ड केलेला आवाज तीनदा वाजवायचा. मग पाच मिनिटं चिडीचूप. समोरून उत्तर आलं तर एक पक्षी. नियमच तसा होता.

फटाकडी म्हणजे मूठभर तांबूस पाखरू. नाव दणदणीत, पण माणसाची चाहूल लागली की लव्हाळ्यात गडप. बाकी तिथे कशाला तोटा नव्हता. बगळे होते, पाणकोंबड्या होत्या, बेडूक तर गल्लीतल्या भांडणासारखे थांबायचं नाव घेत नसत. फटाकडी मात्र एकच उरली होती. मंगळवार चुकवायची नाही. मंगळवार तिला कळतो कसा, हे विचारावं असं या शहाण्या माणसाला चार वर्षांत एकदाही वाटलं नाही. माया आंधळी असते म्हणतात. याची तर बहिरीसुद्धा होती.

बायको गेल्यापासून मुलगी फोनवर एकच पालुपद लावायची. "बाबा, इकडे या राहायला. एकटे किती दिवस काढणार?"

"एकटा कुठे? ती आहे ना. ती ओ देते तोवर मी हलत नाही."

"पक्ष्यासाठी?"

"अगं, तीच ती! नऊ वर्षांपूर्वी मीच तिचा आवाज रेकॉर्ड केलाय. लाखात ओळखेन."

मुलगी हसून विषय सोडायची. पण खरं सांगायचं तर तो थट्टा करत नव्हता. घरी परतल्यावर कुलूप उघडायचं, स्वतःच चहा टाकायचा, स्वतःच्याच कपाला "झालास का?" म्हणायचं. आठवड्यात त्याच्या हाकेला कोणी ओ देत असेल, तर ती फटाकडी.

एका मंगळवारी भोंग्याची बॅटरी संपली. वाजवायला काही नाही, म्हणून तो नुसताच ऐकत बसला. थोड्या वेळाने समोरून फटाकडी आपणहून ओरडली. तीनदा. तो सुखावला. मग शांतता. मग पुन्हा तीनदा. त्याने सवयीने घड्याळ पाहिलं: बरोबर पाच मिनिटं. तिसऱ्या खेपेलाही पाच मिनिटंच. पाखराकडे घड्याळ नसतं.

त्याने होडी काढली आणि पाणकणसं बाजूला सारत पैलतीर गाठला. तिथे अगदी त्याच्यासारख्याच स्टुलावर, मांडीवर भोंगा घेऊन एक पन्नाशीची बाई बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हो! बिथरेल ती. पलीकडे एक आहे."

"पलीकडे मी आहे," मोजणीदार म्हणाला.

दलदलीचे दोन काठ दोन कचेऱ्यांकडे होते, आणि एका कचेरीने दुसरीला कधी साधं पत्र पाठवलं नव्हतं. मोजणीचा वार तेवढा वरून एकच ठरलेला. आवाज ऐकू आला तर खात्रीसाठी, नाही आला तर हाक म्हणून, तीनदा वाजवा आणि पाच मिनिटं थांबा, हा नियमही दोघांना सारखाच. याने वाजवलं की तिने वाजवायचं, आणि दोघांनीही वहीत एक लिहायचं. तिच्या भोंग्यातला आवाज वरच्या ऑफिसातून आलेला, म्हणजे याच्याच रेकॉर्डिंगची नक्कल. चार वर्षं एकच फटाकडी स्वतःलाच हाका मारत होती.

तिने भोंगा बाजूला ठेवला आणि दोघांनी ऊन चढेपर्यंत कान देऊन ऐकलं. पाणकोंबड्या बोलल्या, खंड्या बोलला. ती बोलली नाही.

बाईने थर्मासातला चहा झाकणात ओतून त्याला दिला. "इतक्या थंडीत न चुकता यायचात?"

"तुम्ही उत्तर द्यायचात ना."

तिने मान खाली घातली. म्हणाली, "कुणाला सांगू नका, पण आठवडाभर मी मंगळवारची वाट बघायचे."

मग दोघांनी वह्या उघडल्या आणि चार वर्षांतला प्रत्येक ‘एक’ खोडून तिथे शून्य घातलं. खोडाखोड नको असती, तर गप्प बसून भागलं असतं. पण दोघंही कामाला पक्की. फटाकडी नाही म्हणजे तिची मोजणीही बंद. बाई स्टूल मिटून निघून गेली. संध्याकाळी त्याने मुलीला फोन केला. "ये न्यायला. सामान फार नाही."

ती एक रविवार सोडून पुढच्या रविवारी यायची होती. मधल्या मंगळवारी पहाटे मोजणीदाराला जाग आली आणि पाय आपोआप दलदलीकडे वळले. नवी बॅटरी घातलेली होती. त्याने तीनदा वाजवलं आणि थांबला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बेडूक ओरडले, बगळे उडाले, समोरून काही नाही.

फटाकडी कधीचीच गेली होती, तिच्यासाठी आता रडूही येईना. बाई मात्र गेल्या मंगळवारपर्यंत तिथे होती, आणि तिचं नावसुद्धा विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. तो उभा राहिला, तोंडाभोवती हाताचे पंजे धरले आणि पाण्यापलीकडे जोरात ओरडला, "अहो, आहात का?"

मग नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबला.