उतरणाऱ्याने मागे घ्यायचं

"मास्तर, थांबलात का?" मागच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं.

मास्तर प्रवासी घेऊन उतरत होते आणि समोरून दुसरी जीप चढत होती. बंद पडलेल्या खाणीचा हा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. उतरणाऱ्याने मागे घ्यायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला नियम. खनिजाच्या ट्रकवर उमर घालवलेल्या मास्तरांनीच तो इथल्या प्रत्येक जीपवाल्याच्या गळी उतरवलेला. रुंद जागा मागे तीसेक पावलांवर होती. पण गेल्या हिवाळ्यापासून मास्तरांची मान वळत नव्हती. एक देव सोडला तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

समोरच्या जीपमधून त्यांच्याकडे गाडी शिकलेली शेवटची शिष्या उतरली आणि खिडकीशी आली.

"काका, घेताय ना मागे?"

"तूच घे," मास्तर समोर बघतच म्हणाले.

तिने त्यांच्या ताठ मानेकडे पाहिलं. मग मागच्या सीटला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चुकलंच माझं, काका. घेते हं."

आपले प्रवासी उतरवून तिने एकटीने गाडी खालच्या वळणापर्यंत मागे नेली. दरीकडच्या चाकाखालून दगड सुटत होते.

"नियम माहीत नाही, आणि निघाल्या गाड्या चालवायला," बाईंचे यजमान म्हणाले. मास्तरांनी गिअर टाकला आणि जीप खाली सोडली.

खाली स्टँडवर त्या गृहस्थांनी हकिगत चांगली तिखटमीठ लावून सांगितली; तिने स्वतःच चूक कबूल केली, हेही. दुपारी ती परतली तेव्हा बाकीचे जीपवाले टपूनच बसले होते.

"काय बाईसाहेब, आज डोंगर उलटा उतरलात म्हणे?"

ती नुसती हसली, काच पुसत राहिली. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते उठले.

"नियम तिने नाही, मी मोडला. माझी मान वळत नाही. मागे घ्यायची छातीच झाली नाही माझी."

मग एकजण म्हणाला, "मास्तर, किती पाठीशी घालाल हो हिला?"

"मन मोठं लागतं त्याला," दुसऱ्याने री ओढली.

खरं सांगूनही पदरात मोठेपणाच पडला. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खिशातून आपल्या जीपची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"घरी सोड मला."

सगळ्यांदेखत वळसा घालून ते पलीकडच्या दाराने चढले. तिने गाडी सुरू केली. हात कुठे ठेवावेत, ते मास्तरांना कळेना.