चोरकप्प्यातल्या एकोणीस गोळ्या

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, जे सांगणार आहे ते आठवले तरी माझे सांधे खिळखिळे होतात.

माझे मालक सुतारकाम करतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. तरुणपणी एका टेबलाच्या उरलेल्या फळ्यांतून त्यांनी मला घडवले. स्क्रू ठेवायला सात खण केले आणि हौस म्हणून तळाशी एक चोरकप्पा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो शोधायला लावत. कुणालाच सापडत नसे. मिस्त्री मिशीत हसत आणि मला मान नसूनही ती ताठ होई. पुढे प्लॅस्टिकचे डबे आले आणि मी बाकाखाली भुशात पडून राहिले.

मग मिस्त्रींच्या छातीत दुखू लागले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. दवाखान्यात ती उघडून आत बारीक जाळी बसवली. ते घरी आल्यावर त्यांच्या बायकोने मला धुऊन वाळवले, खणांत कागद घातला आणि सात दिवसांच्या गोळ्या भरल्या. आयुष्यभर स्क्रू वाहिलेली मी, चक्क एका माणसाचा जीव सांभाळू लागले!

महिनाभर सगळे सुरळीत चालले. मग मिस्त्री कामाला बसले. सुताराच्या बोटाला पटाशीची धार लागणे काही नवे नाही, पण आता रक्त थांबता थांबेना. एका गिऱ्हाइकाच्या पाळण्यावर डाग पडला, तो घासूनही जाईना. रक्त पातळ ठेवणारी गोळी कोणती, हे मिस्त्रींना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्या गोळ्या घेतल्या आणि ती गुलाबी गोळी चोरकप्प्यात सरकवली. वाकडा खिळासुद्धा न टाकणारा माणूस तो, गोळी कशी फेकणार?

"गोळ्या घेतल्या का हो?" बायकोने आतून विचारले.

"घेतल्या की!"

मी गारठले. त्यांच्या पोटात जायचे ते रोज माझ्या पोटात साठू लागले. एकदा रंधा मारता मारता ते छातीवर हात धरून खाली बसले. कपाळावर घाम डवरला. मला ओरडायचे होते, पण लाकडाला कुठले तोंड? "गॅस झाला असेल," असे पुटपुटत ते उठले. तेव्हापासून रंध्याचा आवाज थांबला की मला धडकी भरे.

तपासणीचा दिवस आला. सगळी औषधे आहेत तशी आणा, असा दवाखान्याचा निरोप होता.

"अगं, पेटी कशाला? चिठ्ठी आहे ना," मिस्त्री म्हणाले.

"सांगितलंय तसं करायचं," म्हणत बायकोने मला पिशवीत घातले.

सिस्टरने खणांतल्या गोळ्या काढून टेबलावर मांडल्या आणि मला बाजूला सारले. मी खडखडले.

"काका, खण तर रिकामे आहेत. मग वाजतंय काय?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलेच नाही. त्यांनी चोरकप्पा उघडला. एकोणीस गोळ्या निघाल्या.

"काका, जाळी अजून नवी आहे," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "ही गोळी बंद केली तर तिच्यावर गुठळी धरू शकते. मग माणूस इथपर्यंत पोचेलच असं नाही."

डॉक्टरांनी लगेच कार्डिओग्राम काढला. या वेळी निभावले होते. गोळी पुन्हा सुरू झाली. कापले तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरायचे, तरी थांबले नाही तर थेट इथे यायचे, पण आम्हाला विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

"रोज विचारत होते मी तुम्हाला," बाहेर आल्यावर बायको म्हणाली.

"गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारायचीस," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "रक्त बघून माझे हातपाय गळायचे गं. हा हातच थांबला तर आपण करायचं काय?"

बायकोने तो हात धरला, तो बस येईपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. तुमच्या घरी असे कुणी असेल, तर गोळी घेतली का, एवढेच विचारून पाठ फिरवू नका. जवळ बसा. काही त्रास होतो का, कशाची भीती वाटते का, तेही विचारा. आमच्या मिस्त्रींना ते बोलायला एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस प्रत्येकाला मिळतातच असे नाही.