खोटं न बोलणारी कमांड

आत्याच्या तपासणी प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर तिची भाची सांभाळायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. आणि या धाकटीला दादाने कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या कमांडचा काडीचा भरवसा नव्हता. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, एकदा बोलला की विषय संपला असा माणूस.

डेटाबेसमध्ये पेशंटच्या नोंदी झाल्या की त्यांची लॉग फाईल, म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीची रोजवहीच, दादाच्या कमांडने शेजारच्या खोलीतल्या डिस्कवर जायची. निदान सगळे तसं धरून चालले होते. धाकटीने पाहिलं तर ती डिस्क कधीपासूनच गच्च भरलेली. कॉपी होतच नव्हती! पण कमांडच्या शेवटी दादाने 'झालं' असं छापायला सांगितलेलं, आणि छापायला काय जातंय? डेटाबेस बिचारा त्यावर विश्वास ठेवून आपल्याकडची फाईल पुसून टाकायचा. शरीरातून काढलेला तुकडा तपासणीत संपतो, पुन्हा कुठून आणणार? उद्या डेटाबेसची मुख्य डिस्क बिघडली, तर नोंद गेली म्हणजे गेलीच.

तिने शेजारच्या खोलीत नवी डिस्क लावली, सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत काढून ठेवली आणि कमांड नव्याने लिहिली. कॉपी कर, मूळ फाईलशी ताडून बघ, जुळली तरच हो म्हण. फाईल भरो न भरो, दर मिनिटाला पाठव. जमलं नाही तर लाल अक्षरांत सांग. आता नेटवर्कची वायर जरा सैल झाली की स्क्रीन लालेलाल! दादा वैतागला. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, हिलाच कुठून नसते उद्योग सुचले, म्हणाला. आत्यानेही त्या कमांडचं तोंड बंद करायचं फर्मान सोडलं.

"आत्या, ती ओरडते तोवर डेटाबेस फाईल पुसत नाही, ती आपल्याकडेच राहते," धाकटी म्हणाली. "गप्प केली तर गेलेली कळणारसुद्धा नाही."

आत्याने नाक मुरडलं, पण कमांड राहिली.

आणि एका भर दुपारी मुख्य डिस्कने मान टाकली. बाहेर पेशंट ताटकळलेले, आत आत्या खुर्चीत मटकन बसलेली. धाकटीने पूर्ण प्रत दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर चढवली आणि शेजारच्या खोलीत साठवलेल्या लॉग फाईली एकामागून एक तिच्यावर चालवून नंतरच्या नोंदी भरून घेतल्या. एकही अडली नाही. डिस्क जायच्या जरा आधी आत्याने स्वतः एका बाईच्या गाठीची नोंद भरली होती. तीसुद्धा आली, अक्षरन् अक्षर! धाकटीने टेबलावर मूठ आपटली. आत्याने ती नोंद दोनदा वाचली, रिपोर्ट छापला आणि डोळे पुसत काउंटरवर नेऊन दिला. गाठ साधी होती.

दादा एवढा वेळ मागे उभा होता. त्याने खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

"आपल्या लॅबच्या दुसऱ्या शाखेत अजून माझीच कमांड चालू आहे," तो म्हणाला. "चल, आत्ताच्या आत्ता बदलून दे."