तिघांतली चौथी

मित्रांनो, जालन्यातल्या मस्तगडच्या एका घरात दारामागच्या खुंटीला जी टांगलेली दिसते, ती मी. मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वर बूच, दोन्ही कानांना दोरी आणि अंगभर घाम. माझ्या अंगावर तीन ठिगळं आहेत, एक इथलं आणि दोन परमुलखातली. घरी आलेले पाहुणे मला बघून म्हणतात, "हे अजून टाकलं न्हाई का?" त्यांना काय सांगावं! मी जग फिरून आले आहे, आणि ते फार तर परतूरपर्यंत.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा. त्याआधी मी लष्कराच्या तंबूची एक बाजू होते. निजामाचं राज्य गेलं, फौजेचा तळ उठला आणि फाटके तंबू बाजारात विकायला आले. त्यातला एक तुकडा रमाबाईंनी उचलला. रमाबाई या घरच्या कर्त्या. नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा, शरदचंद्र, आणि एक शिलाई मशीन. पण माझ्या कापडापुढे मशीनची सुई मोडली, म्हणून त्यांनी मला दाभण घेऊन, मेण लावलेल्या दोऱ्यानं, हातानं शिवलं.

पहिल्यांदा भरल्यावर मी चहूकडून गळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरद तेव्हा शाळेत होता. तो ओरडला, "आई, ही तर फुकट गेली!"

"फुकट न्हाई गेली. कोरडं कापड आहे ते. पाणी पिऊन फुगलं की टाके आपोआप मिटतील. अन् जरासं झिरपूच दे. तिला घाम आला तरच तुला गार पाणी."

ते वाक्य मी जन्मभर जपलं.

पुढे शरद तहसील कचेरीत कारकून झाला आणि मी कचेरीच्या खिडकीला लागले. ते माझे मानाचे दिवस. वैशाखात बाहेरून झळा यायच्या, आणि झळ जितकी कडक तितकं माझं पाणी गार. अव्वल कारकून स्वतः उठून यायचे, "शरदचंद्र, तुमच्या छागलीतलं घोटभर द्या बुवा." मग कचेरीत सरकारी माठ आला, तिवईसकट. मी घरी परतले आणि खुंटीला लागले. कोरडी.

छागल कोरडी पडणं काय असतं ते मला विचारा. कापड पापडासारखं कडक होतं. टाक्यांत फटी पडतात. झुरळं आत घर करतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपण छागल आहोत हे आपलं आपल्यालाच आठवेनासं होतं.

माझ्या खाली रोज संध्याकाळी तिघे मित्र बसायचे. शरद, मच्छिंद्र आणि पुंजाराम. मच्छिंद्र अंतरवाली सराटीचा, इथल्या एका जिनिंगमध्ये फिटर. पुंजाराम जालना स्टेशनावर तिकीटबाबू.

एकदा पुंजाराम म्हणाला, "दिवसभर खिडकीत बसून लोकायला गावोगाव धाडून राह्यलो. मनमाड, मुंबई, काचीगुडा. अन् मी? मी खिडकीतच."

"मंग ये की खिडकीतून बाहीर," मच्छिंद्र म्हणाला.

"बाहेर म्हंजी कुठवर?"

"जिथवर जमीन हाय तिथवर. पुढं जहाज."

तिघे हसले. पण शरद हसता हसता मध्येच थांबला, ते मी वरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो जगाचा नकाशा घेऊन आला आणि माझ्या शेजारी भिंतीला चिकटवला. वर्षभर त्या नकाशावर बोटं फिरली. मुंबईहून बसऱ्याची बोट, तिथून पुढे जमिनीनं, मिळेल ते काम करत, जमेल तसं जगाला वळसा. मच्छिंद्रच्या हाताला कुठलंही इंजिन वश होतं. पुंजारामला कुठली गाडी कुठे मिळते ते पाठ होतं. शरद चिकाटीचा, एकदा धरलं की सोडत नसे. पासपोर्ट आले. पाठीवरच्या पिशव्या आल्या. सत्तावन्न साली पावसाळा सरला आणि तिघांनी नोकरीचे राजीनामे दिले.

अव्वल कारकुनांनी कपाळाला हात लावला. "अहो, लोक पाठीवरचं बोचकं टाकून नोकरी धरतात. तुम्ही नोकरी टाकून बोचकं धरता?"

आता घरात सांगणं राहिलं होतं. शरदनं सांगितलं. रमाबाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सुईत दोरा ओवता ओवता त्यांनी विचारलं, "कितीजण?"

"तिघं."

"तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांनी मिळून उंबरा ओलांडू नये. चौथा आणा, मंग ठेवते हातावर दही."

मित्रांनो, घराबाहेर निघणाऱ्याच्या तळहातावर आई दही ठेवते, ते तुम्हाला ठाऊक आहे. शरद नोकरी सोडू शकत होता, गाव सोडू शकत होता. आईच्या हातचं दही न घेता निघणं मात्र त्याच्यानं होणार नव्हतं. हे मच्छिंद्रला माहीत होतं, पुंजारामला माहीत होतं, आणि रमाबाईंना तर सगळ्यांहून जास्त.

मच्छिंद्रनं तोड काढली. "काकू, आमच्याकडं तिघं निघाले की चौथा म्हून खिशात खडा ठिवतेत. तसा ठिवू?"

"ठेव की. पण तुम्ही समुद्रावरून जाणार. खडा पाण्यात बुडतो, म्हाईत न्हाई का?"

मग चौथ्याचा शोध सुरू झाला. एका कंपाउंडरनं चहाच्या टपरीवर टाळी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलला. कापडाच्या दुकानातला एक मुनीम तयार झाला, तर त्याच्या घरच्यांनी आठवड्यात त्याचं लग्न उरकलं. दर खेपेला रमाबाई विचारत, "आला का चौथा?" आणि शरद मान खाली घाली.

बोटीची तारीख जवळ आली. एका दुपारी शरद घरी आला. पाठीवरची नवीकोरी पिशवी त्यानं उचलली आणि माझ्याच खुंटीला, माझ्यावर अडकवली. "कचेरीत जाऊन येतो," तो म्हणाला. "राजीनामा परत मिळतो का बघतो."

तो गेला. रमाबाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. मग आत येऊन पिशवी काढायला गेल्या, तर त्यांचा हात मला लागला. मी करकरले. त्यांनी मला खाली घेतलं, उलटसुलट केलं, फटीत बोट घालून पाहिलं.

"अगं बाई, तू पण वाळलीस का गं इथं?"

'पण' म्हणाल्या त्या. मी ऐकलं.

त्यांनी मला झटकलं, बादलीत बुडवलं आणि दिवस मावळेपर्यंत भिजत ठेवलं. मग जुन्या लुगड्याचा जाड काठ घेऊन माझं पहिलं ठिगळ लावलं. शरद परतला तेव्हा मी बादलीवर टांगलेली, थेंब थेंब गळत होते.

"मिळाला का राजीनामा?"

"साहेब दौऱ्यावर आहेत. उद्या ये म्हणले."

"जाऊ नको. चौथी मिळाली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही काही पाण्यात बुडायची न्हाई."

निघायच्या सकाळी रमाबाई दह्याची वाटी घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या. मच्छिंद्र पाठीवर पिशवी लावून हजर होता. मी शरदच्या खांद्याला होते, बाजारातली नवी दोरी लावलेली, अजून न भरलेली. तेवढ्यात पुंजाराम आला. पाठीवर काही नाही. हातात पुठ्ठ्याची दोन तिकिटं.

"दोनच?" शरदनं विचारलं.

"बढती आली. असिस्टंट स्टेशनमास्तर केलं, इथंच बदनापूरला." पुंजारामची मान वर होईना. "मी न्हाईच म्हणलो होतो, शरद. पण बापानं माझ्या पायावर टोपी ठिवली. काय करू, तूच सांग."

मच्छिंद्रनं त्याच्याकडे पाहिलं. "वा रे पठ्ठ्या! दुनिया फिरायला निघाला अन् बदनापूरला उतरला!" म्हणाला, आणि पुढे होऊन त्याच्या गळ्यात पडला.

प्रत्येकाच्या मनात एकच हिशोब चालला होता. शरद, मच्छिंद्र आणि मी. पुन्हा तीन. मी नसते तर दोन, आणि दोघांनी जायला कुणाची हरकत नसते. शरदचा हात माझ्या दोरीवर गेला. मला वाटलं, संपलं. आता हा मला काढणार आणि मी परत खुंटीला.

तो आईकडे पाहत राहिला. रमाबाईंनी नुसतं म्हणायचा अवकाश होता, तिघं झालात, राहू दे. मुलगा घरी राहिला असता. अपशकुनाचं नाव झालं असतं, त्यांना कुणी बोल लावला नसता.

त्यांनी वाटी खाली ठेवली. मला शरदच्या खांद्यावरून काढलं, आत नेलं आणि रांजणातल्या पाण्यानं काठोकाठ भरून आणलं.

"मोजा आता. तू, मच्छिंद्र, ही अन् हिच्या पोटातलं पाणी. झाले का बराबर चार?"

"झाले," शरद कसाबसा म्हणाला.

"मंग ध्यानात ठेव. हिला रिकामी होऊ द्यायची न्हाई. रिकामी झाली की तिघं झालात."

आणि त्यांनी शरदच्या तळहातावर दही ठेवलं. मच्छिंद्रच्या ठेवलं. पुंजारामच्याही ठेवलं. "तुला पण लांब जायचंय बाबा," त्या म्हणाल्या, "बदनापूरला."

मित्रांनो, मी समुद्र पाहिला. इतकं पाणी, आणि पिण्याजोगं फक्त माझ्यात! बसऱ्याला उतरून आम्ही बगदादला गेलो. तिथून एका मालट्रकमध्ये बसून वाळवंटातून निघालो. अर्ध्या वाटेत ट्रक बंद पडला. ड्रायव्हरचा पाण्याचा डबा हादऱ्यांनी फुटला होता. मच्छिंद्र ट्रकखाली शिरला आणि त्याचे नुसते पाय दिसू लागले. शरदनं ट्रकमधल्या सगळ्यांना माझ्यातलं घोट घोट पाणी दिलं. शेवटी तळाशी एक घोट उरला. त्यानं बूच घट्ट लावलं आणि मला छातीशी धरलं.

ट्रकच्या सावलीला आमच्यातलीच एक म्हातारी बसली होती. हनुवटीवर गोंदलेलं, थेट आपल्या अंबडच्या बाजारात दिसावी तशी. उन्हानं ती हळूहळू कलंडली.

"दे ना तिला!" खालून मच्छिंद्र ओरडला.

"रिकामी होईल रे. आईला शब्द दिलाय."

"काय होईल मंग? तिघं होऊ? अरे येड्या, ही बसली न्हाई का चौथी!"

शरदनं माझं बूच काढलं. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि शेवटचा घोट तिच्या ओठांत सोडला. त्या दिवशी प्रवासात मी पहिल्यांदा रिकामी झाले, आणि मित्रांनो, मला मुळीच कोरडं वाटलं नाही.

ऊन कलताना मच्छिंद्रनं ट्रक सुरू केला. विहीर लागली तेव्हा म्हातारी खाली उतरली, लोकांना बाजूला सारलं आणि स्वतः पाणी पिण्याआधी मला भरलं.

पुढचं सगळं सांगत बसले तर तुमची शाळा बुडेल. थंड मुलखात मला घामच येईना. तिथं मी नुसती ओझं होते, तरी शरद मला रोज भरायचा. जर्मनीत एका घरमालकिणीनं माझ्या फाटल्या कोपऱ्याला निळं ठिगळ लावलं, जपानात एका शिंपिणीनं करडं. दोघांनी भांडी घासली, इंजिनं दुरुस्त केली, बटाटे खणले. दोनदा आजारी पडले. परत फिरावं असं एकालाही वाटलं नाही, आणि वाटलं असेल तर त्यानं दुसऱ्याला सांगितलं नाही.

एकोणीसशे साठच्या उन्हाळ्यात घरी तार करून आम्ही मनमाडहून जालन्याच्या गाडीत बसलो. बदनापूरला असिस्टंट मास्तर धावत डब्यात चढले. पुंजारामच!

"काय साहेब, आलात का दुनिया फिरून?" मच्छिंद्रनं विचारलं.

"आलो की, बदनापूरमार्गे. जालन्यापर्यंत येतो. एवढं तरी संगं."

जालन्याच्या फलाटावर रमाबाई उभ्या होत्या. केस पिकले होते. आम्ही उतरलो. त्यांनी आधी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सरळ माझ्या पोटाला हात लावला. तळवा ओला झाला.

"आई, खोटं न्हाई सांगत," शरद म्हणाला. "एकदा रिकामी झालती."

"मंग?"

"एका म्हातारीला पाजलं. तीच चौथी झाली."

रमाबाईंनी विचारलं, "नाव काय तिचं?"

"न्हाई विचारलं."

"गाढवा! चौथ्या माणसाचं नाव विचारावं!" त्यांनी माझं बूच काढलं आणि तिथंच फलाटावर घोटभर पाणी प्याल्या. मग पदरानं तोंड पुसलं. तोंड म्हणायचं, पुसले डोळे. "चल घरी. तू जग फिरलास, मी इथंच बसून तीन राज्यं पाह्यली. निजामाचं गेलं, मुंबईचं गेलं, आता म्हणं महाराष्ट्र."

मित्रांनो, आता माझं जुनं कापड लांबच्या वाटेला टिकायचं नाही. माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात खुंटीला काही टांगलेलं असेल, कोपऱ्यात कुणी गप्प बसलेलं असेल, तर जाता-येता एकदा हात लावून पाहा. करकरलं तर टाकून देऊ नका, भिजत घाला. आणि कुणी निघालंच असेल, तर त्याला अडवायला आकडे मोजू नका. पाणी भरून द्या.

रमाबाई मला रोज सकाळी खुंटीवरून काढून भरतात आणि दाराबाहेर सावलीत टांगतात. उन्हातून येणारा पोस्टमन, भाजीवाली, वाट चुकलेला कुणी, सगळे थांबतात. रमाबाई पाणी देतात. पण आधी नाव विचारतात.